कोकण मागितलं की केरळ येतं: एआय चित्रांतला नेहमीचा बिघाड आणि त्याची दुरुस्ती

मालवणात आमचं छोटं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, आंब्याच्या पेटीची लेबलं, भजनी मंडळांचे बॅनर अशी कामं. गेल्या पावसाळ्यात तारकर्लीच्या एका वहिनींनी त्यांच्या घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयीचा बोर्ड करायला दिला. "फोटो नको रे, चित्रासारख्यां कर कायतरी. आता तां कॉम्प्युटरच काढता मगे." मी एआयला इंग्रजीत सांगितलं: कोकणातलं कौलारू घर, समोर समुद्र, माड, एक होडी, पावसाआधीचं आभाळ. अर्ध्या मिनिटात चित्र आलं आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. वहिनींनी मोबाइल हातभर लांब धरून बघितला. "ह्यां खयचां? ह्यां आमचां नाय."

मग मलाही दिसायला लागलं. छपराच्या त्रिकोणात कोरीव लाकूड. दाराशी पितळेचा उंच दिवा. समुद्राच्या जागी संथ हिरवं पाणी आणि त्यात वेताच्या छताची हाउसबोट. सरळसरळ केरळ. पुन्हा काढलं तर अंगणात स्विमिंग पूल आला आणि छपराची टोकं शिंगासारखी वर वळली, हे बाली. तिसऱ्यांदा घर बऱ्यापैकी जमलं, पण होडीला दोन्ही बाजूंना उलांडी, म्हणजे होडी उलटू नये म्हणून बाजूला बांधतात ते लाकूड. आमच्याकडे उलांडी एकाच बाजूला असते, दोन्हीकडे असते ती इंडोनेशियातल्या होड्यांना. शेजारच्या दुकानात बसलेल्या एका रापणकरी काकांनी लांबूनच ओळखलं आणि हसत सुटले.

हा बिघाड एकदाचा नाही. घर असो, आंबा असो, देऊळ असो, दर वेळी थोड्या फरकाने तोच. त्यावर मी दोन महिने डोकं घातलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय. माझं मॉडेल, म्हणजे चित्र काढणारं यंत्र, दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालणारं, स्टेबल डिफ्यूजनच्या वंशातलं आहे. ८ जीबीचं ग्राफिक कार्ड पुरतं. चॅटमध्ये चित्र काढून देणारी साधनं वापरत असाल तर तुमच्यासाठी पुढे वेगळं लिहिलंय. एआयला आपण लिहून देतो ते वर्णन म्हणजे प्रॉम्प्ट. त्यातले इंग्रजी शब्द इथे देवनागरीत देतोय, टाकताना इंग्रजी लिपीत टाका.

आधी काय काय करून फसलो

पहिल्यांदा विशेषणं वाढवली. 'ऑथेंटिक', 'ट्रॅडिशनल', 'अल्ट्रा डिटेल्ड', 'मास्टरपीस'. घर तेच राहिलं, फक्त चकचकीत झालं. 'ऑथेंटिक' ऐकून यंत्राला कोकण कळत नाही, त्याला महागड्या रिसॉर्टची जाहिरात आठवत असावी.

मग वर्णन लांबवलं. एक प्रॉम्प्ट तर शंभर-सव्वाशे शब्दांचा झाला: घर, पडवी, खिडक्या, गडगा, विहीर, आभाळाचे तीन रंग, आणि शेवटी तुळशी वृंदावन. तुळस काही केल्या येईना. मी तुळशीचं वर्णन आणखी सजवलं, तरी येईना. कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारला. या वंशातल्या पहिल्या मॉडेल्समध्ये मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकन घेतो. त्यात सुरुवात-शेवटाच्या खुणा दोन, म्हणजे आपल्याला उरतात ७५. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. काही प्रोग्राम ७५-७५ चे गट करून पुढचंही वाचतात, काही उरलेलं मुकाट कापून टाकतात. माझा कापणाऱ्यातला होता. तुळस शेवटच्या ओळीत होती, म्हणजे ती यंत्रापर्यंत कधी पोचलीच नव्हती. तुमच्याकडे एखादी गोष्ट हट्टाने येत नसेल तर आधी ती प्रॉम्प्टच्या सुरुवातीला आणून बघा. फुकटचा उपाय आहे आणि बऱ्याचदा पुरतो.

मग मराठीत लिहून पाहिलं. माझी भोळी समजूत अशी की मराठीत सांगितलं तर निदान महाराष्ट्र तरी येईल. आला कुठलासा धुकट डोंगर आणि फेटेवाला माणूस. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी कॉम्प्युटरच्या पोटात तीन बाइटची असते. 'मंगलोरी कौलं' एवढं लिहिलं की मधली जागा सोडून ३३ बाइट झाले. टोकनांचा कोश प्रामुख्याने इंग्रजीचा, त्यामुळे आपल्या शब्दांचे बारीक तुकडे पडतात, ७५ ची मर्यादा दोन ओळींत संपते, आणि त्या तुकड्यांचा अर्थ त्याला ठाऊक नसतो तो नसतोच.

'केरळ नको' हेही लिहून झालं. त्याची गंमत पुढे.

असं का होतं

हे यंत्र नकाशा शिकलेलं नाही. ते फोटो आणि त्याखालची ओळ अशा जोड्यांवर शिकलंय. वाचणारा भाग, ज्याला क्लिप म्हणतात, २०२१ साली आला तो ४० कोटी जोड्यांवर शिकून. चित्र काढणाऱ्या भागासाठी लायन नावाचा साठा वापरला गेला. त्यात ५८५ कोटी जोड्या, पैकी इंग्रजी ओळी असलेल्या २३२ कोटींच्या आसपास. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोकांसाठी खुलं झालेलं पहिलं स्टेबल डिफ्यूजन सुरुवातीला या इंग्रजी भागावरच शिकलं होतं.

आता विचार करा, इंटरनेटवर माडाखालच्या कौलारू घराचा फोटो इंग्रजी ओळीसकट कोण टाकतं? पर्यटनवाले. केरळ, गोवा, बाली. आमच्या गावातल्या घराचा फोटो असलाच तर तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर, आणि त्याखाली ओळ 'गणपतीक गावाक इलंव'. यंत्राने तो बघितला नाही, आणि बघितला असता तरी 'इलंव'चं त्याने काय केलं असतं? कौल, माड आणि पाणी एकत्र मागितलं की ते सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं चित्र देतं. त्यात त्याचा द्वेष नाही, आळसही नाही, फक्त सरासरी आहे.

आणि काही शब्द गुपचूप दुसऱ्या मुलखाचं टपाल घेऊन येतात. जांभा दगड मागायचा म्हणून मी 'लॅटराइट' लिहीत होतो. जांभ्याला हे नावच फ्रान्सिस ब्युकॅननने १८०७ मध्ये दिलं ते मलबारात, अंगडीपुरमचा दगड बघून. म्हणजे चिरा मागताना मी स्वतःच केरळची चिठ्ठी हातात देत होतो! त्या नावाचा आणि मॉडेलचा थेट संबंध लावण्यात अर्थ नाही, पण शब्द काढल्यावर चित्र बदललं एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते कसं पाहिलं, ते आता सांगतो.

सीड बांधा आणि एकच शब्द हलवा

दुरुस्तीचं खरं काम इथे आहे. बाकी सगळं यानंतर.

प्रत्येक चित्राची सुरुवात एका दाणेदार गोंगाटातून होते, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा. यंत्र तो पायरीपायरीने साफ करत चित्र काढतं. तो गोंगाट ठरवणारा आकडा म्हणजे सीड. आपण तो सोडून दिला तर दर वेळी नवा येतो, आणि मग चित्र बदललं ते शब्दामुळे की सीडमुळे, काही कळत नाही. आपण आपले शब्दाला श्रेय देत बसतो. मी महिनाभर हेच केलं. सीड पक्का केला, मॉडेल, आकार, पायऱ्यांची संख्या आणि बाकी सेटिंगही तीच ठेवली, तर त्याच प्रॉम्प्टला तेच चित्र येतं. आता एक शब्द बदलला की झालेला फरक त्या शब्दाचाच.

मी सीड १६६४ ठेवतो. सिंधुदुर्गाची पायाभरणी त्या सालची म्हणून लक्षात राहतो, आकड्याला बाकी महत्त्व नाही.

एका संध्याकाळी झड लागली होती, गिऱ्हाईक नव्हतं, दोनदा लाइट गेली. बसून एकेक शब्द काढत गेलो आणि वहीत लिहीत गेलो. 'ट्रॉपिकल' काढला, स्विमिंग पूल गेला. 'लॅटराइट' काढून 'रफ डार्क रेड स्टोन ब्लॉक्स' घातलं, छपराखालचं कोरीव लाकूड गेलं, भिंत मात्र आपल्या चिऱ्यासारखी खडबडीत आली. 'व्हिला'सारखा शब्द मी वापरलाच नव्हता, पण 'बीच' होता. तो काढून 'सी इन द डिस्टन्स' केलं, तर छत्र्या आणि आरामखुर्च्या गेल्या. 'इंडियन' घातला तर खिडक्यांना राजस्थानी कमानी आल्या, तो लगेच काढला. सगळ्यात शेवटी 'कोकण' हा शब्दच काढला.

काहीही बदललं नाही. पान हललं तेवढाच फरक. ज्या शब्दावर मी एवढा भार टाकला होता तो त्या मॉडेलसाठी रिकामा होता. मला थोडं वाईटच वाटलं, पण तिथून काम सोपं झालं. गावाचं नाव सांगणं सोडलं आणि परक्या माणसाला फोनवर घर कसं दिसतं ते सांगावं तसं सांगू लागलो.

एक खबरदारी. एकाच सीडवर निकाल लावू नका. एखादा शब्द दोषी वाटला तर आणखी तीन सीडवर तोच काढून बघा. चारांपैकी तीन वेळा तोच फरक दिसला तर मी तो वहीत लाल पेनाने लिहितो.

'नको' म्हटलं की हमखास येतं

मुख्य प्रॉम्प्टमध्ये 'नो हाउसबोट' लिहिलं तर हाउसबोट जास्त ठळक येते. फोटोखाली ओळ लिहिणारे लोक फोटोत जे आहे ते लिहितात, नाही ते लिहीत नाहीत. त्यामुळे नकार शिकायला यंत्राला फारसं मिळालेलं नसतं. 'हाउसबोट' शब्द दिसला, काढली.

त्यासाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो. तिथे 'नो' न लावता नुसती नावं द्यायची: हाउसबोट, पूल, रिसॉर्ट, कार्व्हड गेबल, ब्रास लॅम्प. यंत्र दर पायरीला दोन अंदाज काढतं, एक आपल्या प्रॉम्प्टचा आणि एक या रकान्याचा, आणि दुसऱ्यापासून लांब, पहिल्याकडे सरकतं. किती जोराने सरकायचं ते गाइडन्सचा आकडा ठरवतो. ७ च्या आसपास ठेवा. मी एकदा चिडून १५ केला होता, तर आभाळ जळाल्यासारखं केशरी झालं आणि माड प्लॅस्टिकचे. उलट हा आकडा १ केला तर निगेटिव्ह रकाना चालतच नाही. चार पायऱ्यांत चित्र देणारी झटपट मॉडेल्स बहुधा अशाच आकड्यावर चालतात. तिथे तुम्ही त्या रकान्यात रामायण लिहिलंत तरी उपयोग नाही. 'माझा निगेटिव्ह प्रॉम्प्ट काम करत नाही' अशी तक्रार असेल तर आधी मॉडेल कुठलं आहे ते बघा.

नाव सोडून रूप सांगा

आता ही माझी वही. शब्दकोशातला प्रतिशब्द टाकला की काय येतं आणि रूप सांगितलं की काय येतं.

तुळशी वृंदावन. 'होली बेसिल' लिहिलं तर कुंडीतली इटालियन स्वयंपाकाची पानं आली, आणि एकदा मागे चर्चचा मनोरा. 'होली' शब्द त्याने मनावर घेतला. जमलं ते असं: कमरेएवढा चौकोनी बांधीव खांब, निळा-पांढरा रंग, वर मधोमध लहान झुडूप, झाडलेल्या अंगणात मध्यभागी. 'बेसिल' शब्द पूर्ण काढला. तरीही लांबून तुळस म्हणजे हिरवा ठिपकाच येत होता. याचं कारण वेगळं आहे. ५१२ पिक्सेलचं चित्र ही मॉडेल्स आतून ६४ बाय ६४ च्या जाळीवर काढतात. चित्रात तुळस ४० पिक्सेल उंच असेल तर तिच्या वाट्याला उंचीत जेमतेम पाच घरं येतात. पाच घरांत वृंदावनाचे कोनाडे काय काढणार? त्यावर उपाय शब्दांचा नाही. तेवढाच भाग निवडून मोठ्या आकारात पुन्हा रंगवून घ्यायचा, त्याला इनपेंट म्हणतात.

सारवलेलं अंगण. 'काऊ डंग फ्लोअर' लिहू नका. मी लिहिलं होतं. काय आलं ते सांगत नाही, वहिनींना दाखवायच्या आधी डिलीट केलं. 'स्मूद स्वेप्ट ऑलिव्ह ब्राउन अर्थ' पुरतं.

पडवी. 'व्हरांडा' म्हटलं की गोऱ्या साहेबाचा बंगला, पांढरे गोल खांब. 'लो लीन-टू रूफ ऑन शॉर्ट वुडन पोस्ट्स' म्हटलं की उतरतं छप्पर खाली येतं, इतकं की वाकून आत जावं लागेल. तसंच पाहिजे. कौलाला मात्र 'मंगलोर टाइल' हा शब्द चालतो. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यापासून हे नाव इंग्रजीत रुळलेलं आहे, फोटो पुष्कळ आहेत. फक्त सोबत 'वेदर्ड, मॉस पॅचेस' टाका, नाहीतर कालच बसवल्यासारखी नारिंगी येतात.

पोफळ. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. 'एरिका पाम' लिहिलं तर दर वेळी झुपकेदार, बुटकं, कुंडीतलं झाड. बँकेत, हॉटेलच्या दारात असतं ना, ते. बाजारात त्या शोभेच्या झाडाला एरिका पाम म्हणूनच विकतात, सुपारीशी त्याचा संबंध लांबच्या भाऊबंदाएवढा. यंत्राची चूक नव्हती, नाव तेच! 'व्हेरी टॉल थिन स्ट्रेट ट्रंक विथ रिंग्ज' असं खोड सांगितलं तेव्हा पोफळीची बाग उभी राहिली.

आणि आंबा. देवगडच्या एका तात्यांच्या पेटीचं लेबल होतं. 'अल्फान्सो मँगो' लिहिलं, आंबे आले रसरशीत, खांद्यावर लाल-जांभळी झाक. तात्यांनी लेबल बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो हापूस नाय रे. हो खयचो बाटगो आणलंस?" तात्यांचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या दुकानांत वर्षानुवर्षं टॉमी ॲटकिन्स नावाची फ्लोरिडाची जात विकली जाते. दिसायला लाल, टिकायला दणकट. इंग्रजी जगाच्या फोटोंत 'मँगो' म्हणजे बहुतेक तो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने फोटोंची संख्या थोडीच वाढते. मी 'युनिफॉर्म गोल्डन सॅफ्रन स्किन' लिहिलं, निगेटिव्हमध्ये 'रेड, ब्लश, पर्पल, ग्रीन', आणि भाताच्या पेंढ्यात ठेवलेले म्हणून सांगितलं. रंग जमला. आकार मात्र चार सीडांपैकी एकात पटण्यासारखा आला, बाकी तीन पपईकडे झुकलेले. तात्यांनी शेवटी स्वतःच्या पेटीतले दोन आंबे आणून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ह्यांचो काढ. तिथून पुढचा उपाय सुचला.

आपला फोटो पायाखाली घाला

शब्दांनी जिथवर जाता येतं तिथवर गेल्यावर फोटो द्यावा. आता मी सुरुवातच इथून करतो. कोऱ्या गोंगाटाऐवजी आपल्या फोटोवर थोडा गोंगाट टाकून यंत्र पुढे काढत जातं. किती टाकायचा तो आकडा ० ते १ मध्ये असतो. ०.३ वर फोटो जवळपास तसाच राहतो, फक्त रंगवल्यासारखा होतो. ०.७५ वर परत केरळ. माझ्या कामांना ०.४५ ते ०.५५ बरा पडतो. वहिनींच्या घराचा फोटो त्यांच्या मुलाने गडग्यावर उभं राहून काढला, त्यात वायरी होत्या, दोरीवर कपडे होते, एक सिंटेक्सची टाकी. ०.५ वर वायरी गेल्या, टाकी मात्र विहिरीसारखं काहीतरी झाली. ती हाताने पुसली.

घराचा नेमका साचा टिकवायचा असेल तर कंट्रोलनेट नावाची मॉडेलची जोड वापरा. फेब्रुवारी २०२३ पासून ते उपलब्ध आहे. ते फोटोतल्या फक्त रेघा किंवा जवळ-लांबचा अंदाज घेतं आणि रंग-रूप प्रॉम्प्टवर सोडतं. होडीची एकच उलांडी मला फक्त याच वाटेने मिळाली. शब्दांत 'सिंगल आउटरिगर, ऑन वन साइड ओन्ली' किती वेळा लिहिलं असेल. एक-दोन हे मोजणं आणि डावं-उजवं सांभाळणं या जुन्या मॉडेल्सना जमत नाही. त्यात भांडत बसू नका.

चॅटमधली साधनं

तिथे वेगळी भानगड असते. तुम्ही लिहिता ती ओळ चित्र काढणाऱ्यापर्यंत जशीच्या तशी जाईलच असं नाही. मधला मदतनीस ती फुलवून, सजवून पुढे देतो. तुम्ही 'कोकणातलं घर' लिहिलंत, तो मनाने 'लश ट्रॉपिकल पॅराडाइज' जोडतो. मग तुम्ही काढलेला शब्द त्याने परत घातलेला असतो आणि तुम्ही गोंधळता. चित्र आलं की त्याला विचारा, नेमका कुठला प्रॉम्प्ट पाठवलास ते दाखव. दाखवला तर त्यातले नको ते शब्द काढून 'हे असंच्या असं वापर, भर घालू नको' असं सांगा. मराठी मात्र ही साधनं छान समजतात, 'सारवलेलं अंगण' नीट समजावलंत तर इंग्रजी रूप तेच करून देतात. सीड पक्का करण्याची सोय मात्र बहुधा मिळत नाही. त्यामुळे एकेक शब्द हलवायचा खेळ तिथे नीट खेळता येत नाही.

बॅनर आणि अक्षरं

१० बाय ४ फुटांचा बॅनर हवा म्हणून थेट लांबट आकार मागितला तर दोन घरं, दोन क्षितिजं, कधी दोन सूर्य. ५१२ पिक्सेलवर शिकलेलं मॉडेल १०२४ रुंदीत बऱ्याचदा तेच दोनदा काढतं. एसडीएक्सएल या त्याच वंशातल्या नंतरच्या, मोठ्या मॉडेलवर १५३६ बाय ६४० घ्या, तो आकार त्याला सवयीचा आहे. मग मोठं करा आणि कडा वाढवून घ्या.

मराठी अक्षरं चित्रात मागू नका. 'स्वागतम्'चे जे हाल होतात ते बघवत नाहीत. नवी मॉडेल्स इंग्रजी पाटी बरी लिहितात, पण जोडाक्षर आणि रफार आला की पुष्कळदा घसरतात. चित्रात जागा रिकामी ठेवा, अक्षरं नेहमीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. मालवणी मजकूर असेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या, हा सल्ला एआयसाठी नसून आमच्या धंद्यासाठी आहे.

अजून न सुटलेलं

वहिनींच्या बोर्डाचं काम सुटलं. त्यांचंच घर, ०.५ वर रंगवलेलं, तुळस इनपेंट केलेली. मीच आग्रह धरला की घर त्यांचंच हवं. बोर्डावर एक घर आणि दारात दुसरं असलं तर पाहुणा पहिल्या रात्रीच तोंड वाकडं करतो, आणि त्याला उत्तर वहिनींनाच द्यावं लागतं. तात्यांच्या लेबलावरही त्यांचेच दोन आंबे आहेत.

दशावतार मात्र अडलाय. एका मंडळाला पोस्टर हवं आहे. दशावतारातला राक्षस संकासुर मागितला, काळा वेश सांगितला, निगेटिव्हमध्ये 'कथकली, ग्रीन फेस' घातलं, सगळं करून झालं. चेहरा परत परत हिरवा येतो, डोळ्यांभोवती काळी रेघ, डोक्यावर गोल मुकुट. परत केरळच. संकासुराचा इंटरनेटवरचा फोटो द्यायला गेलो तर तो कुणाच्या तरी कॅमेऱ्यातला, न विचारता वापरायचा नाही.

म्हणून आता लोरा करायचं ठरवलंय. आपलेच पंधरा-वीस फोटो देऊन मॉडेलला एक लहानशी जोड-फाइल शिकवायची, म्हणजे त्याला ते रूप एकदाचं ठाऊक होईल. फोटो वेगवेगळ्या बाजूंनी, वेगवेगळ्या उजेडात हवेत, मागचा पडदा दर वेळी तोच असला तर ते पडदाही शिकून बसतं. मंडळाच्या मालकांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं, पण अट घातली: फोटो रंगपटात तोंड रंगवताना काढायचे नाहीत, सोंग उभं राहिल्यावर काढायचे. बरोबर आहे त्यांचं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की जाणार आहे. दहिकाला पहाटेपर्यंत चालतो, तेव्हा बॅटऱ्या दोन नेणार.